ओट्याची कड आणि रंग

दादा,

मी ड्यूटीला निघाले. तुला उठवत नाही. ग्रॅनाइटवाला आज माप घ्यायला येणार आहे, तेवढा ओटा रिकामा करून ठेव. माझ्या अंगात डबे हलवायचंही त्राण उरलेलं नाही.

वहिनीला सरळ, धारदार कड हवीय. दिसते झकास, मान्य. पण तू गोलच सांग, आणि कोपराही गोल. तिची बोलणी मी खाईन. बाबा हल्ली पाणी घ्यायला ओट्याच्या कडेला हात लावत लावत जातात. कोपरा लागून मांडी काळीनिळी झालीय. तू दिवसभर दुकानात, तुझ्या लक्षात आलं नसेल.

आता रंगाचं. काल दगडाचे दोन्ही नमुने बाबांसमोर ठेवले. म्हटलं, तुम्हीच निवडा. एकावरून बराच वेळ हात फिरवला आणि ऐटीत म्हणाले, "हा पांढराच घ्या. तुझ्या आईला पांढरा हवा होता."

हात काळ्यावर होता.

मी नमुने उचलून ठेवले. तूही काही बोलू नकोस. माझ्या सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ. माझ्या एकटीचं ते ऐकायचे नाहीत.

काळ्यावर डाग दिसत नाहीत, हे मलाही कळतं. पुसायचा शेवटी मलाच आहे. तरी पांढराच सांग. ओटा बसला की येईल त्याला ते सांगत सुटणार, पांढरा मी निवडला म्हणून. ते खोटं पडायला नको.

धाकटी