आरसा केलेले बूट

बाबा,

काल टर्फवर एका मुलीचे वडील तिच्या बुटांच्या नाड्या बांधत बसले होते. चांगली तेरा-चौदा वर्षांची घोडी, आणि बाप तिच्या पायाशी. मी शिटी तोंडात धरली आणि वाजवायचीच विसरले. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मीरा रोडला हल्ली मी मुलींना फुटबॉल शिकवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. घरी आल्यापासून तुम्हाला लिहावंसं वाटतंय.

तुम्ही भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होता. मशीनवरून उठायचात तेव्हा डोळ्यांचं पांढरं तेवढं दिसायचं, बाकी सगळे काळे. ताट मात्र लखलखीत. ते बाजूला ठेवण्याआधी तुम्ही त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचात, आणि जरा खरखर लागली की ताट परत मशीनवर. शेठ वैतागायचा, एवढा वेळ कशाला लावतोस म्हणायचा. तुमचं उत्तर ठरलेलं होतं, घासणाऱ्या बाईचं बोट कापायला नको. मला ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता. आता कुणाच्याही घरी जेवायला बसले की माझा अंगठा आपोआप ताटाच्या कडेवरून फिरतो. लोकांना वाटतं, भांडं नीट घासलंय की नाही ते बघतेय.

जेसल पार्कच्या पुढे खाडीकडे मोकळी जागा होती, तिथे मी मुलांबरोबर अनवाणी खेळायचे. आईची बोलणी रोजची होती. तुम्ही मात्र एकदाच रागावलात, आणि तेही माझा गुडघा फुटला म्हणून नाही. माझ्या लाथेनं शेजारच्या मुलाची नडगी सोलली होती. तुम्ही म्हणालात, "खेळ की तू. पण दुसऱ्याच्या लेकराचं रक्त कशाला?" मला राग आला होता. फुटबॉलमध्ये एवढं लागायचंच, असं मी तुम्हाला वर तोंड करून सांगितलं होतं.

मग शाळेत सरांनी मुलींचा संघ काढला. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. मी पुढे खेळायचे, गोल मारायचे. सगळ्यांत जोरात पळणारी मीच. मुंबईला मोठ्या संघाची निवड होती आणि मला तिथे गोल मारूनच यायचं होतं, दुसरं काही डोक्यात नव्हतं. सरांनी एका जुन्या खेळाडूचे बूट मला दिले. तळाला ॲल्युमिनियमचे स्टड, म्हणजे बुटक्या गोल खुंट्या, दगडांवर खेळून खेळून कडा धारदार झालेल्या.

निवडीच्या आदल्या दिवशी तुम्ही ते बूट न विचारता कारखान्यात घेऊन गेलात. संध्याकाळी आलात, हातपाय धुवायच्या आधी पिशवी उघडलीत आणि एक बूट उलटा करून माझ्यापुढे धरलात.

"आरसा केलाय. बघ तोंड."

खरंच, त्या एवढ्याशा गोल स्टडमध्ये माझं नाक दिसत होतं. स्टड झिजून निम्मे झालेले, गुळगुळीत, कुठे म्हणून खरखर नाही. "कडा लई खराब होत्या," तुम्ही म्हणालात. "कुण्या लेकराला लागलं असतं." मी हरखून गेले होते. स्टड जमिनीत रुतायला असतात, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. तोवर कधी बूट घातले होते?

सकाळी मैदानाला पाणी मारलेलं. मी पहिल्याच चेंडूमागे धावले आणि पाठीवर पडले. उठले, पुन्हा पडले. बाकीच्या मुली हसतायत, मला रडू आवरत नाहीये. सरांनी मला बाहेर बोलावलं, बूट काढायला लावला, तळ बघितला. कुणी केलं हे, म्हणून विचारलं. माझ्या बाबांनी, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "गोलमध्ये उभी राहतेस? तिथे गवत नाही, नुसती माती आहे." मी फुरंगटून उभी राहिले आणि त्याच रागात आला तो चेंडू अडवला. संघात माझं नाव आलं, पण गोलकीपर म्हणून.

पुढच्या आठवड्यात सरांनी नवे स्टड आणले. हे लाव आणि पुन्हा पुढे खेळ, म्हणाले. तोवर तुमचं कारखान्यात सगळ्यांना सांगून झालं होतं की पोरगी आपल्या पॉलिशवर निवडून आली. मी ते स्टड दोन-तीन दिवस दप्तरात घेऊन फिरले. मग सरांना परत केले आणि गोलमध्येच बरी आहे म्हणाले. सर म्हणाले, "बापाला पॉलिश करायला दुसरं काहीतरी दे गं." पण प्रत्येक मॅचआधी तुमच्या डब्याच्या पिशवीतून माझे बूट जात राहिले. गोलकीपर म्हणून मी राज्याकडून खेळले, नोकरीही त्याच जोरावर लागली.

तुम्ही एकच मॅच बघितलीत. खाडा करून आलात. लोक बसायच्या जागी बसले होते, आणि तुम्ही थेट माझ्या जाळीमागे पेपर टाकून बसलात. चेंडू पलीकडे असला की तुमचं सुरू. खाल्लंस का? नाडी सुटलीय बघ. पाणी देऊ का? मला लाज वाटत होती. रेफरी उठवायला आला तर तुम्ही हात जोडून म्हणालात, "साहब, मेरी लडकी है." तो परत मैदानात गेला. मी पुढे खेळत असते तर मैदानभर पळत राहिले असते आणि तुमचा आवाज माझ्यापर्यंत आला नसता.

हे पत्र त्याच बुटांच्या पिशवीत ठेवते, तुम्ही गेल्यावर दुसरीकडे कुठे पाठवणार? एक मात्र तुम्हाला कधी बोलले नाही. मला गोलमध्ये उभं राहायला मुळीच आवडायचं नाही, बाबा. त्या दिवशी तुम्ही मागे येऊन बसलात, तेव्हापासून आवडायला लागलं.