मापात बसलो

सोलापूर,
२० फेब्रुवारी १९७७

चि. सौ. गोदीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सारे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुझं अभिनंदनाचं पत्र पोचलं. आपला आतेभाऊ शरच्चंद्र पुण्याला येऊन "मुकुंदा निम्मा झालाय" असं सांगून गेला म्हणे. व्यायाम कुठला करतोस, असं तू विचारतेस. नवी पेठेतल्या दुकानातून घरी यायला टांगा शोधणारा माणूस मी. तेव्हा व्यायामाचं राहू दे.

परवा होटगी रस्त्याला आपल्या ग्लायडर क्लबच्या मैदानावर गेलो होतो. दोरानं ओढून ग्लायडर वर सोडायचं ते यंत्र अजून मल्लप्पाच चालवतो. आपलं दोन सीटांचं पिवळं ग्लायडरही तेच, आणि त्यातली पत्र्याची पाटीही तीच. दोघांचं मिळून एकशे साठ किलोच्या वर चालणार नाही. ती वाचली आणि तो दिवस आठवला.

तुला नुकताच परवाना मिळालेला. पहिला प्रवासी दादाच, असं तू सगळ्या क्लबला सांगून ठेवलेलं. शिकवणाऱ्या साहेबांनी गुरप्पाच्या आडतीतून ज्वारी मोजायचा मोठा काटा आणवला. मी पारड्यात मांडी घालून बसलो आणि तेवढ्यात आई डबा घेऊन आली. लहानपणी मी विषमज्वरातून उठलो तेव्हा तिनं माझी गुळानं तुला केली होती. तिला वाटलं, इथंही कुणाचा तरी नवसच फिटतोय. तिनं बटव्यातलं कुंकू काढून काट्याला लावलं आणि नमस्कार केला.

लोखंडी वजनं चढत गेली आणि मी पाटीच्या बाहेर गेलो, चांगलाच. तुझा चेहरा पडला, साहेब मान हलवू लागले. आई मात्र खूश. "भरला हो माझा मुलगा," म्हणाली आणि डब्यातला गूळ सगळ्या क्लबला वाटला. मी पोट धरून हसलो. तू हसली नव्हतीस. "कमी कर दादा, मी थांबते," म्हणालीस.

पण आई वाढत राहिली आणि मी जेवत राहिलो. तुझं लग्न झालं. आता पुण्यात दर रविवारी तू परक्या माणसांना ग्लायडरमधून हिंडवतेस. आपलं राहूनच गेलं, गोदे. मला त्याचं फार वाईट वाटतं.

तुझ्या वहिनीनंही आता नवस बोललाय, माझ्या भारंभार गुळाचा. मी तिला म्हणतो, जितकी थांबशील तितका गूळ कमी लागेल. ती हसत नाही. डॉक्टर हल्ली तिच्याशीच बोलतात, मला नुसती जीभ दाखवायला सांगतात. पोटात काय आहे ते मला कळलंय. तिला वाटतं, कळलेलं नाही. आलीस की तिच्यापुढं काही बोलू नको.

मल्लप्पानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आता बसता की तुमी दोगंबी, मालक," म्हणाला आणि उगाच दोर तपासत राहिला. मग त्यानंच पाटीची खालची ओळ दाखवली. ती मी कधी वाचलीच नव्हती. पुढच्या सीटवर पंचावन्न किलोच्या आतलं माणूस चालत नाही, ग्लायडरचा तोल जातो. आणि प्रवासी पुढंच बसतो. "कमी पडलं तर वाळूची पिशवी बांदू की," असंही तो म्हणाला.

मला वाळू घेऊन बसायचं नाही. जन्मात पहिल्यांदा मी त्या पाटीच्या दोन ओळींच्या मधे आहे, आणि दर आठवड्याला खालच्या ओळीकडे सरकतोय. तेव्हा मुलांची परीक्षा, मेची सुट्टी असलं काही लिहू नको. येत्या रविवारी ये. आईच्या नावानं गुळाचा एक खडा खिशात ठेवीन, तेवढं वजन चालेल.

तुझा, अजून मापात असलेला,
दादा