दहापैकी दहा

२ जून, सकाळी ९
काल ह्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एक तक्ता दिला. मन कसं आहे, रोज दहापैकी गुण लिहायचे. ह्यांच्या डिप्रेशनला आठ महिने झाले, तेव्हा योग्यच. पण मग तसाच दुसरा तक्ता माझ्यापुढे सरकवला. काकू, हा तुमचा. मी म्हटलं, पेशंट हे आहेत. तर म्हणे सांभाळणाऱ्याने स्वतःलाही सांभाळायचं असतं, रोज एक तास फक्त तुमचा. मी सांगितलं, चौतीस वर्षं शिकवलं, त्यात बारा वर्षं बोर्डाच्या पेपरांचे गुण फेरतपासणारी चीफ मॉडरेटर होते, आजारपणाची रजा एकदाच घेतली, तीही अपेंडिक्सची. म्हणे, मग सवयच नाही तुम्हाला. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची पोरगी!
आमच्या कॉन्व्हेंटच्या मोठ्या सिस्टर सांगायच्या, रडायचं असेल तर आधी रुमालाला इस्त्री करा. तेवढ्यात रडू पळून जातं.
तरीही संकल्प : संध्याकाळी पाच ते सहा फिरणे. न ओरडणे. आणि बारा तारखेला वर्गमैत्रिणींबरोबर चार दिवसांची सहल. जाणार म्हणजे जाणार. माळ्यावरून बॅग काढली.
गुण : १०.

४ जून
पाचला निघाले. कोपऱ्यापर्यंत पोचले आणि ह्यांनी मोजे घातले की नाही ते बघायला परत आले. एकूण अकरा मिनिटं. पण जिने धरले तर जास्त.
हे पलंगाच्या कडेला, एक मोजा पायात, एक हातात. आयुष्यभर पुलांचे नकाशे काढले ह्या माणसाने. मोजा मीच चढवला. सॉरी म्हणाले. मी म्हटलं, असू दे. कॉपी करताना सापडलेल्यांना म्हणायचे तशाच आवाजात म्हटलं गेलं बहुतेक.
१०.

५ जून
ह्यांनी स्वतःला ३ दिलेत. तीन! तिन्ही वेळा गरम जेवण, धुतलेल्या चादरी, आणि तीन! लाल पेनने सहा केले. मॉडरेटरला तो अधिकार असतो. हे बघत राहिले, बोलले काही नाहीत. म्हणजे मान्य.

७ जून
नणंदेचा फोन. वहिनी, तू बिनधास्त जा, मी येऊन राहते दादाजवळ. हिने स्वतःच्या कुत्र्याला शेजारच्या मांजराचं औषध पाजलं होतं! ह्यांच्या गोळ्या चार, रंग तीन. तसं स्पष्ट सांगितलं. तर म्हणते, वहिनी, दादाचं तुझ्यावाचून अडतं की तुझं त्याच्यावाचून?
फोन कट झाला. मीच केला.
१०.

९ जून
बाथरूमचा नळ बिघडलाय. पाणी सोडून समोर बसून बघावं लागतं. आज पस्तीस मिनिटं बसले. स्वतःचा तास त्यातच धरला. प्लंबर आला, म्हणाला, बाई, नळाला धाड भरलेली नाही. हल्ली कुणाला स्वतःचं कामच येत नाही. डोळे लाल आहेत ते साबणाने.
१०.

१० जून
ओरडले नाही. ऐकू जाईल एवढा आवाज चढवला. हे आठ महिन्यांत पहिल्यांदा आपणहून स्वयंपाकघरात गेले आणि दूध उतू घालवलं. म्हटलं, तुम्ही नुसते बसून राहा, काही करू नका, तेवढीच मदत होईल. जाऊन बसले.
ओटा पुसताना दिसलं, दोन कप काढून ठेवले होते. एकात साखर घातलेली. बिनसाखरेचा माझा.
९. ओट्याचा एक कापला.

११ जून
सहल रद्द. मैत्रिणींना कळवलं, ह्यांची अवस्था सोडून जाण्यासारखी नाही. बॅग परत ठेवायला गेले तर ती पुसून दाराशी ठेवलेली, आत माझा स्वेटर, घडी घातलेला. जातेस ना, असं हे म्हणाले. म्हटलं, कशी जाऊ? तुम्हाला माझ्याशिवाय आहे कोण? हे भिंतीकडे बघायला लागले. बघा, अशी अवस्था.
माळ्यापाशी चक्कर आली, स्टुलावर बसले. उकाडा फार आहे.
१०.

१६ जून, दुपार
दवाखाना. दोन्ही तक्ते दिले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे लाल कुणी केलं? मी मॉडरेशन समजावून सांगितलं. त्या लिहून घेत होत्या. मला वाटलं, पद्धत आवडली.
तेवढ्यात ह्यांनी खिशातून तिसरा तक्ता काढला. गेल्या वेळी निघताना काउंटरवरून मागून घेतलेला, कोरा. नकाशावरच्यासारखी बारीक, उभी अक्षरं. वर माझं नाव.
४ जून : ३. अकरा मिनिटांत परत.
९ जून : २. नळ, पस्तीस मिनिटं.
१० जून : २. दूध. चूक माझी.
११ जून : १. बॅग परत माळ्यावर.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काका, हे का लिहिलंत? आठ महिन्यांत न ऐकलेलं लांबलचक वाक्य आलं. माझ्यावर लक्ष ठेवायला ही आहे, डॉक्टर, तुम्ही आहात, बहीण आहे. हिच्यावर ठेवायला मी एकटाच.
मी म्हटलं, अक्षर मात्र अजून चांगलं आहे. तिथे नळ नव्हता. साबणही नव्हता. पर्समधला रुमाल काढला, तो चुरगळलेला निघाला.
पुढच्या मंगळवारची वेळ माझ्या नावावर आहे. एकटीने यायचंय.

१७ जून
तक्त्यात १० लिहिले. खोडले. २ लिहिले.
पाचला निघाले. कोपऱ्यावर थांबले, मग पुढे गेले. सहाला घरी आले. ह्यांच्या पायात मोजे नव्हते. घर उभं होतं.
टेबलावर माझ्या २ चे ३ झालेले, पेन्सिलीने. शेजारी बारीक : ग्रेस.
चौतीस वर्षांत मी एकालाही ग्रेसचा मार्क दिला नाही. शिवाय तीन म्हणजे तरीही नापासच.
लाल पेन समोरच होतं. टोपण लावून ठेवलं.