उस्तादांनी एकही कुलूप उघडले नाही

मी, खाली सही करणारी, कुलूप-किल्लीच्या दुकानाची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे, माझ्या मागे काय कोणाकडे जावे हे आज स्वतःच्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, एक वजाबाकी घातली, आणि मी उत्तरे देता देता त्यांच्या टेबलाच्या खणाचे अडकलेले कुलूप मोकळे करून दिले. तेव्हा पुढचा मजकूर म्हातारीची बडबड म्हणून कोणी बाजूला सारू नये. दाखला मी घरादारासाठी घेतलेला नाही, कलम तीनसाठी घेतला आहे.

वकीलबाईंचे म्हणणे असे, की मृत्युपत्रात कोणाला काय एवढेच लिहितात, का ते लिहीत नाहीत. मी म्हटले, "बाई, का ते नाही लिहिलं तर ती नुसती सामानाची यादी होईल." त्यावर त्या चष्मा पुसत बसल्या.

कलम एक. दुकान.

दुकान मूळचे माझ्या वडिलांचे. त्यांना मी एकटीच. कानस कशी धरायची, किल्ली कुलपात फिरवताना आतला आवाज कसा ऐकायचा, सगळे त्यांनीच शिकवले. पण माझे लग्न होताच दुकान जावयाच्या नावावर करून मोकळे झाले. "कुलूपवाल्याच्या पाटीवर बाईचं नाव कोण वाचणार?" हे त्यांचे शब्द. वडिलांना मी बाकी सगळे माफ केले आहे, हे वाक्य तेवढे माफ केलेले नाही.

जावई, म्हणजे माझे यजमान. कुलपांशी त्यांचे जन्मात जमले नाही. ते कुलपात किल्ल्या मोडून ठेवीत आणि मी मागून येऊन तुकडे काढीत असे. एकदा एक सराफ तिजोरीचे कुलूप घेऊन आला. माझ्या हातात कानस पाहताच त्याने कुलूप परत उचलले. "बाईच्या हातानं उघडतंय असलं कुलूप मला नको," म्हणाला. तो गेला तो गेला, गावभर सांगतही सुटला. दुकानात माशा मारायची वेळ आली. तेव्हा यजमानांनी दुकानाच्या मधोमध एक जाड निळा पडदा लावला. पुढे ते, मागे मी.

गिऱ्हाईक कुलूप देई. हे ते उलटसुलट करून पाहत, भुवया चढवून "हं" म्हणत, "जरा आत धरून बघतो" असे सांगून पडद्याआड माझ्या हातात देत. कोणाच्या घरी कपाट अडकले तर दोघे जात असू. मी म्हणे बॅटरी धरायला! खोलीत शिरले की हे घरच्यांना बाहेर घालवीत. "धंद्यातलं गुपित आहे, बघायचं नाही." दार लोटले की बॅटरी यांच्या हातात. लोक त्यांना उस्ताद म्हणू लागले. उस्तादांनी आयुष्यात एकही कुलूप उघडले नाही. आमच्या स्वतःच्या घराचे दार अडले तरी मला हाक असे, "अगं, हे बघ ना जरा."

सुरुवातीला आम्ही पोट धरून हसायचो. पुढे पुढे हसू कमी झाले. कोणी कुलूप माझ्या हातात देऊन "बाई, हे तुम्हीच करा" म्हणावे, एवढे एकच मला हवे होते. ते शेवटपर्यंत कोणी म्हटले नाही, आणि त्याचे मला वाईट वाटते. उगाच मोठेपणा आणून "काही वाटत नाही" असे मी लिहिणार नाही.

वडील गेल्यावर यजमानांनी गाजावाजा न करता बक्षीसपत्र करून दुकान माझ्या नावे केले. म्हणून ते देण्याचा अधिकार मला आहे. सदर दुकान सर्व हत्यारांसह माझ्या मुलीला द्यावे. ती पडद्यामागे माझ्या शेजारी बसून शिकली आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

अट एकच. मध्यंतरी ती म्हणाली, "आई, यांनाच काउंटरवर बसवते. जो येतो तो 'मालक कुठे आहेत' विचारतो. वीट आला मला." जावईबापू शाळेत चित्रकला शिकवतात, त्यात रमतात, पण बायकोसाठी नोकरी सोडायला तयार झाले. भला माणूस आहे. पण नको गं पोरी. त्याने एकाचे नाही, दोघांचे आयुष्य जाते. तू किल्ली आवळून धरायचा शेगडा घेऊन काउंटरवर बस आणि त्याला त्याच्या रंगांत राहू दे. गिऱ्हाईक तोंड वाकडे करील, करू दे. पडदा मी आज सकाळी काढला आहे. तो पुन्हा लावला गेल्यास हे कलम रद्द समजावे आणि दुकान विकून टाकावे.

कलम दोन. बँकेतली शिल्लक आणि चांदीचा कप.

शिल्लक मुलगा व मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. भांडू नये, भांडण्याइतकी ती नाही.

कप मात्र नीट समजून घ्यावा लागेल. उस्ताद कुलपे उघडत नव्हते तर करत काय होते, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडला असेल. ते विणत होते. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, पाठीवर धाकटी भावंडे, थंडीत सगळ्यांना घालायला हवे. आईने पडल्या पडल्या थोरल्या मुलाला सुया धरायला शिकवले. पुढे काउंटरच्या खणात लोकर आणि सुया असत. गिऱ्हाईक आले की खण बंद, गेले की उघडा. टोपडी, मोजे, बाळांचे स्वेटर दुकानाच्या कोपऱ्यात टांगलेले असत, वर पुठ्ठा, "घरगुती विणकाम". घरगुती म्हणजे बायकोचे, हे लोकांनी आपले आपणच ठरवले.

गल्लीतल्या बायका माझ्या काळ्या नखांकडे बघून हळहळत. "बिचारी! एवढं घरचं करून विणते तरी कधी?" घरची भांडीही उस्तादच घाशीत. मी शपथेवर लिहिते, की मला सुलट टाका कोणता आणि उलट कोणता हे आजही कळत नाही.

दुकानासमोर विणकाम मंडळाची खोली होती. दुपारी बायका खिडकीत विणत बसत आणि हे काउंटरवरून त्यांच्याकडे बघत. वाईट नजर नव्हती हो, सुयांकडे बघत. मला म्हणत, "जाऊन बघून ये ना, कोणती वीण चाललीय." मी जाऊन येई आणि सांगे, "काहीतरी भोकाभोकांचं आहे." हे कपाळावर हात मारून घेत. तेव्हा मजा वाटे. आता वाटते, या माणसाला आयुष्यभर लोकरीविषयी बोलायला एक माणूस मिळाले नाही. रस्ता ओलांडला की खोली होती, पण तो रस्ता त्यांना ओलांडता आला नाही.

मंडळाने उत्कृष्ट विणकामाचा कप मला दिला. हे शेवटच्या रांगेत बसले होते आणि सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही वाजवत होते. घरी आल्यावर मी कप त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो पुसला, तोंड भिंतीकडे करून कपाटात ठेवला. "तुझ्या नावाचा आहे, असू दे," म्हणाले आणि भांडी घासायला गेले. त्या दिवशी भांडी फार वेळ चालली होती.

सदर कप मंडळाला परत द्यावा. माझे नाव खोडून त्यांचे कोरावे आणि तो खिडकीत ठेवावा. खर्च माझ्या शिलकेतून करावा.

कलम तीन. हे देणे नसून निवेदन आहे.

यजमान इस्पितळात होते. दुपारी एक नर्स, बाळंतपणाच्या रजेवर असलेली, आपले बाळ सगळ्यांना दाखवायला घेऊन आली. बाळाच्या डोक्यावर पिवळे टोपडे. हे टक लावून बघत राहिले. मग हात लांब करून टोपड्याची कड उलटली आणि एका जागी बोट ठेवले. "इथं माझा एक टाका सुटला होता," म्हणाले. "हे मी विणलंय."

नर्स प्रेमानेच हसली. "आजोबा, हे आजींचं काम. तुम्ही कुलपांचे उस्ताद ना?"

उशाशी आमचा मुलगा होता. तो म्हणाला, "त्यांना भ्रम होतोय, सिस्टर. लक्ष देऊ नका."

मी म्हटले, "भ्रम नाही. खरं तेच सांगतायत ते."

नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, तुमची झोप झालेली नाही. जरा पडा बघू."

यजमानांनी माझ्याकडे पाहिले आणि हात पांघरुणात घेतला. त्यानंतर ते बोलले, पाणी मागितले, मुलीची चौकशी केली, पण लोकरीचे नाव पुन्हा काढले नाही. आयुष्यात एकदाच त्यांनी आपले काम आपले म्हटले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना झोपवले. ते गेले तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय 'कुलूप दुरुस्ती' असा लिहिला गेला.

म्हणून दाखला जोडून सांगते. माझे यजमान भ्रमात नव्हते. ते टोपडे त्यांनी विणले होते. या गल्लीतल्या दोन पिढ्यांची डोकी त्यांनी उबेत ठेवली. आणि सराफाच्या तिजोरीपासून शाळेच्या फाटकापर्यंतची कुलपे मी उघडली. हे दोन्ही खरे आहे आणि माझे डोके ठिकाणावर आहे.

कलम चार. घर आणि सुया. हे कलम साक्षीदारांना दाखवलेले नाही.

राहते घर मुलाला द्यावे. मुलाने हे मृत्युपत्र होऊ नये म्हणून फार मनधरणी केली. "आई, लोक हसतील बाबांना. मेल्यावर तरी त्यांना उस्ताद राहू दे." त्याला बापाची लाज वाटते असे मी समजत होते. तसे नाही. तो बापाला राखतो आहे, बापाने त्याला राखले तसेच.

लहानपणी त्याने एकदा खणातल्या सुया काढून दोन ओळी विणल्या होत्या. बऱ्या होत्या म्हणे. यजमानांनी त्या हिसकावून घेतल्या. "पुन्हा हात लावलास तर याद राख!" एवढ्या वर्षांत ते मुलावर ओरडले ते तेवढेच. पोर रडू लागले तर माझे वडील वरून म्हणाले, "मुलगा असून रडतोस?" आत येऊन हे मला म्हणाले, "हसतील गं त्याला. माझं झालं ते झालं." मुलगा आज्ञाधारक. तेव्हापासून रडला नाही. बापाला पोहोचवून आला आणि आलेल्यांच्या खुर्च्या मोजून परत करीत बसला. लोक म्हणाले, किती खंबीर आहे. सून मला एकटीला म्हणाली, "आई, ते घरात बोलतच नाहीत हो." खंबीरपणाचे मला कौतुक नाही. माझे पोर आतल्या आत कुढते आहे.

आता शेवटचे. यजमान इस्पितळात गेले तेव्हा एक लहानसा स्वेटर सुयांवरच राहिला होता, चार बोटे विणलेला. तो मी तसाच माझ्या कपाटात ठेवून कुलूप घातले. कुलूप माझ्या हातचे, माझी किल्ली सोडली तर दुसऱ्या एकाच किल्लीने उघडते. ती किल्ली मुलाकडे असते.

परवा डांबराच्या गोळ्या टाकायला कपाट उघडले, तर स्वेटर खांद्यापर्यंत आलेला. आधीच्या ओळींवरचे नवे टाके जरा आवळलेले, पुढे हात सैल होत गेलेला. वर लोकर एका जागी थेंब पडून आटलेली दिसते. मी विणलेला नाही. मला येत नाही, हे वर शपथेवर लिहिलेच आहे.

कपाट होते तसे लावले. सदर सुया, उरलेली लोकर आणि तो स्वेटर मुलाला द्यावा. कपाटाचे कुलूप मी काढून घेतले आहे, ते आता लागायचे नाही. बाळा, बाह्या राहिल्या आहेत. त्या पुढच्या खिडकीत बसून विण, तिथे उजेड चांगला असतो.

ठिकाण: दुकान, काउंटरवर, उस्तादांच्या खुर्चीत.
दिनांक: पडदा काढला तो दिवस, गुरुवार, दुकानाची सुट्टी.

सही: कुलूपवाली, कै. विणकाम कारागिराची पत्नी.

साक्षीदार: डॉक्टर. सही करणारी शुद्धीवर आहे. माझा खण अजून नीट चालतो.

साक्षीदार: नर्स. मी फक्त कलम तीन वाचले. घरी जाऊन टोपडे उलटून पाहिले. सुटलेला टाका तिथेच आहे.