निळ्याचं निळ्यात

स्कोवगोर, ६ नोव्हेंबर २०११

प्रिय लिस्बेट,

गुडघ्यांत डुकराचं पिल्लू, दातांत नमुन्याच्या नळीचं झाकण, आणि मागे उभे राहून बाबा विचारतायत, की तुझी बहीण शेंबूड गोळा करायला एवढी वर्षं कोपनहेगनला शिकली का.

खोकला कमी नाही. दूध सुटलेली पिल्लं खोकताना कुत्र्यासारखी भुंकतात. आपला जनावरांचा डॉक्टर म्हणतो, लस जुन्या फ्लूवरची, हा नवा; चालली तर चालली. एवढ्यावर मी सगळ्या डुकरिणींना टोचू का? तू सांगितल्याप्रमाणे आठ निळ्या बिल्ल्याच्या डुकरिणींना टोचलं, आठ पिवळ्यांना नाही. पिल्लांना चौथ्या दिवशी कानात आईच्या रंगाचा बिल्ला. पत्र नमुन्यांच्या डब्यात वरच्या पिशवीत आहे. भिजलं तर बोलू नकोस.

लोभ निदान डब्यातला बर्फ वितळेपर्यंत टिकू दे.
तुझा आस्गेर

कोपनहेगन, १५ नोव्हेंबर

प्रिय आस्गेर,

पत्र कोरडं पोचलं, अभिनंदन. बाबांना सांग, शेंबूड उत्तम प्रतीचा होता. रक्ताच्या नमुन्यांनी मात्र डोकं फिरवलंय. आईला लस दिलीच नाही अशा पिवळ्या पिल्लांत लसीच्या अँटिबॉडी सापडल्या, आणि निळ्यांतली काही कोरी. पिल्लाला ही शिदोरी फक्त आईच्या चिकातून मिळते. मग आली कुठून? बिल्ले उलटे लावलेस? सुई चुकली? पिल्लं इकडची तिकडे केलीस? सरळ उत्तर दे. डिसेंबरातली वीण शेवटची. पुढे लसही नाही आणि मला पैसेही नाहीत. ती वाया गेली, तर जुनी लस नव्या फ्लूला अडवते की नाही हे मी सांगू शकणार नाही, आणि तू अंदाजानं टोचत बसशील.

राग आला तरी माया कमी करू नकोस.
लिस्बेट

स्कोवगोर, १९ नोव्हेंबर

प्रिय लिस्बेट,

राग आलाय. सुई एकदाही चुकलेली नाही. पिल्लं हलवलेली नाहीत. फक्त सारखी केली, नेहमीसारखी. एकीला अठरा आणि सड चौदा, शेजारणीला दहा. मग चीक पिऊन झाला की पहिल्याच दिवशी चार शेजारी. याला हलवणं कोण म्हणतं? शाळेत जायच्या आधी तूही करायचीस.

तुझा, अजून तरी भाऊ,
आस्गेर

कोपनहेगन, २३ नोव्हेंबर

प्रिय आस्गेर,

यालाच हलवणं म्हणतात! निळीचा चीक प्यायलेलं पिल्लू पिवळीखाली गेलं आणि चौथ्या दिवशी पिवळं ठरलं. सगळा हंगाम पाण्यात. त्याच गोठ्यात वाढूनही मला हे विचारायचं सुचलं नाही, याचा संताप जास्त.

आता निळ्या एका खोलीत, पिवळ्या दुसऱ्या. निळ्याचं निळ्यात, पिवळ्याचं पिवळ्यात. जागा नसेल तर हलवायचंच नाही. खूण करून हलवू का, असं विचारशील. नको. पिल्लाबरोबर त्याच्या नाकातला फ्लूही दार ओलांडतो. बाबांनाही हे नीट सांग. ख्रिसमसचं बदक मी आणते, डुक्कर नको.

तोवर मला सांभाळून घे.
लिस्बेट

स्कोवगोर, ११ डिसेंबर, संध्याकाळ

प्रिय लिस्बेट,

निळ्या सगळ्या आज व्यायल्या. आपसांत वाटूनही दोन पिल्लं उरली, दोन्ही बारकी. निळ्यांत एक सड मोकळा नाही. पलीकडच्या खोलीत एका पिवळीचे तीन रिकामे.

बाबा एक पिल्लू हातात घेऊन मधल्या दाराशी उभे राहिले. मी नियम सांगितला. ते म्हणाले, की सड रिकामा असताना आजवर एकही पिल्लू मी मरू दिलेलं नाही, आणि तुम्हा दोघांचं शास्त्र या एका दारात अडतं का. मी म्हणालो, हो, अडतं. मग मला म्हणाले, की तू तुझ्या बहिणीपेक्षा वाईट आहेस, तिला निदान हे बघावं लागत नाही. पिल्लू परत ठेवलं आणि जेवायला न थांबता त्यांच्या घरी गेले.

बाटली देऊन पाहिली. दोन्ही ओढत नाहीत. लस या फ्लूला अडवते का, उत्तर काय येतं ते लवकर कळव. नाही असं आलं तरी कळव.

बाबांचा राग माझ्यावर, तुझी माया तेवढी असू दे.
आस्गेर

ता. क. सकाळ. दोन्ही पिल्लं मेली. पिवळीचे तीन सड रिकामेच आहेत. बाबा वेळेवर आले. बाकीच्या पिल्लांच्या नमुन्यांचा डबा त्यांनीच गाडीत ठेवला.