तिघांची साक्ष

प्रिय उन्मेष,

नाही रे, रेंज गेली नव्हती. फोन मीच ठेवला. बाबांचे शेवटचे शब्द नेमके काय होते, एकेक शब्द सांग, माझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायचेत, म्हणालास. म्हटलं, बंगळूरच्या एवढ्या मोठ्या प्रोफेसराला गावच्या मिशन शाळेत सातवी झालेल्या बाईनं तोंडी कशाला सांगावं? लिहूनच कळवू. तुम्हा लोकांचा विश्वासही लिहिलेल्यावर आणि संशयही लिहिलेल्यावरच.

मी मजामां आहे, इथले गुजराती म्हणतात तशी. शेजारची दीप्तीबेन रोज खमण आणून देते आणि मी रडतेय का ते बघून जाते. मी म्हणते, मीठ कमी पडलंय गं. मग ती जरा चिडते आणि दोघींना बरं वाटतं.

फतेगंजच्या चर्चमधलं तुझं भाषण मला अजून आठवतं. बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या जुन्या दोस्तांनाही घेऊन आले होते, माझा मुलगा शास्त्र सांगणार म्हणून. तू सांगितलंस, शुभवर्तमानं लिहिणारे क्रुसाजवळ उभे नव्हते, पुष्कळ वर्षांनी लिहिलंय, नावंसुद्धा मागाहून लागलीत. मार्कच्या शुभवर्तमानात क्रुसावरचा येशू ओरडतो, माझ्या देवा, तू मला का सोडलंस. लूकमध्ये तेच नाही, तिथं म्हणतो, बापा, माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो. तू म्हणालास, लूकला ते कडू वाक्य सोसलं नसणार. दोस्त बाबांच्या तोंडाकडे बघायला लागले. मला मात्र लूक तेव्हापासून आवडायला लागला. त्याच्या घरात कोणी बाई असणार. तीच म्हणाली असेल, अहो, असलं लिहू नका, येशूच्या आईच्या कानावर गेलं तर?

बाबा त्या दुपारी जेवले, पण जेवणाआधीची प्रार्थना म्हटली नाही. पुढं कधीच नाही. चर्चमधलं वाचनही सोडलं. तू म्हणशील, खरं सांगितलं हा काय गुन्हा झाला? गुन्हा नाही. पण आदल्या दिवशी घरीच होतास, त्यांच्या ताटाशेजारी बसून एकदा त्यांना सांगायचंस. दोस्तांसमोर कशाला? मग ते आजारी पडले आणि तुझा परिसंवाद काही संपेना.

स्मरणसभेत आधी मी साक्ष द्यायला उठले. म्हटलं, बाबा जाताना म्हणाले, उन्मेषला माझा आशीर्वाद सांग. मग मोहनाआत्या उठली, तिनंही आपल्या कानांनी ऐकलेलं. मग चर्चचे पाळकसाहेब, त्यांच्या साक्षीत तर बाबांनी हातही वर केला. तू ढसाढसा रडलास. आणि काल फोनवर म्हणतोस, आई, तिघांचं जुळतंय, आम्ही याला भक्कम पुरावा म्हणतो.

वा रे शहाण्या. मार्क-लूकला उभं करून उलटतपासणी घेतोस आणि आम्हाला साधा एक प्रश्न नाही? बाबा गेले तेव्हा तुझी आत्या खाली दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहा पीत होती. पाळकसाहेब करजणला लग्न लावायला गेलेले, संध्याकाळी पोचले. तूच शिकवलंस ना, तिघं जर एकाचंच बघून लिहीत असतील तर साक्षीदार एकच धरायचा? लबाड नाहीत रे ते दोघं. माझ्या तोंडून ऐकलं, गोड वाटलं, आता त्यांना खरंच आठवतं. आत्याला विचार, बाबांचा आवाज कसा होता तेही सांगेल.

खोलीत मी एकटी होते. हे बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तू छापणार नसतास तर बोललेही नसते. पण छापलंस की उद्या तुझ्यासारखाच कोणी शिकलेला येऊन उकरेल, आणि तेव्हा मी असेन-नसेन. बाबांनी डोळे उघडले, विचारलं, आला का? मी म्हटलं, निघालाय. तू निघाला नव्हतास, हे त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं. आशीर्वाद मी रचला, उन्मेष, सभेत उभी राहिल्यावर. ते म्हणाले होते, त्याला माझ्या मातीला बोलावू नकोस.

तुझीच,
आई