माझी सहा पोटं

४ मार्च
आजपासून रोजनिशी. थोर शास्त्रज्ञ लिहीत असत.
औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतलं गोळ्या तपासायचं मशीन आता माझ्या एकटीच्या ताब्यात. काचेची सहा भांडी, अंगाइतकं कोमट पाणी, वर फिरणारी पाती. भांड्यात गोळी टाकायची, किती वेळात विरघळते ते मोजायचं आणि त्यावरून ती माणसाच्या रक्तात कधी पोचेल ते सांगायचं. भविष्यच, पण शास्त्रीय. महिनाअखेर माझा अंदाज आणि गोळी घेतलेल्या माणसांच्या रक्ताचे निकाल जुळले की नोकरी पक्की.
आईला सांगितलं, माझ्याकडे सहा पोटं आहेत. ती म्हणाली, आधी स्वतःच्या एका पोटात दोन घास घाल.
घरातली पहिली पदवीधर मीच. बाबांनी आरसा काढून तिथे माझी पदवी लावली आहे. भांग अंदाजे पडतो.

७ मार्च
गोळीला पाऊण तास लागतो. फार रेंगाळते.
टेबलाला शिस्त लावली. बाटल्या हलवायचा शेकर खिडकीतून उचलून मशीनच्या शेजारी आणला. दोन्ही कामं एका नजरेत. खिडकीत माझ्या रोपालाही जागा झाली.

११ मार्च
गोळी वीस मिनिटांत गुल! सहाही भांड्यांत! शेजारचा सहकारी म्हणाला, तुझं टेबल गुणगुणतंय. जळतो. काहींच्या हातालाच गुण असतो, त्याला कोण काय करणार?

१२ मार्च
गोळी गुडघेदुखीची. बाबाही हीच घेतात. आज घेतल्यावर वीस मिनिटांनी त्यांना कळवलं, दुखणं थांबायला लागलंय. ते म्हणाले, नाही गं बाई, ठणकतंय. शिकलेल्या मुलीपेक्षा गुडघ्यावर विश्वास!

१८ मार्च
अंदाज सादर केला. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, पुन्हा करून पाहिलंस ना? म्हटलं, भांडी सहा, म्हणजे सहा वेळा झालंच की.
आईने मजलाभर सांगितलं, पोरीची नोकरी पक्की झाली. मी म्हणाले, होणार आहे. ती म्हणाली, तेच ते.

२६ मार्च
रक्ताचे निकाल आले. ज्यांनी गोळी घेतली, त्यांच्या रक्तात ती फार उशिरा पोचली. हे लोक बहुधा आळशी असावेत. माणसं बदलून पाहावीत, असं मॅडमना सुचवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सूचना पटलेली दिसते.

२७ मार्च
मॅडमनी माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला. मला वाटलं, मलाच दिला. प्यायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, पिऊ नकोस, बघ. पाण्यावर बारीक तरंग. मग शेकर बंद केला. तरंग थांबले. टेबलाचं गुणगुणणंही थांबलं.
चाचणी पुन्हा केली. पाऊण तास. रक्ताच्या निकालाशी तंतोतंत जुळली. म्हणजे चाचणी पहिल्यांदाच बरोबर आली होती. नंतर टेबलासकट भांडी शेकर हलवत होता, म्हणून गोळी लवकर विरघळत होती. हाताचा गुण वगैरे काही नव्हतं.
नोकरीचं पुन्हा सहा महिन्यांनी बघू, म्हणाल्या. शेकर खिडकीत गेला, रोप माझ्या मांडीवर बसून घरी आलं.
आईला सांगितलं. ती म्हणाली, मजल्यावर तूच सांग. आणि जेवून जा.
बाबांनी गोळी घेतली. सवयीने विचारलं, आता किती वेळात थांबेल गं?
म्हटलं, बाबा, थांबलं की तुम्हीच मला सांगा.